बेरिल आणि पार्क लेनवरचं बक्षीस

बक्षीस या प्रकाराचीच मला हल्ली शिसारी येते. शेजारचा पोरगा धावण्यात तिसरा आला म्हणून कौतुकाने कप दाखवायला आला, तर माझ्या कपाळावर अशी आठी चढली की त्या बिचाऱ्याला वाटलं आपलंच काही चुकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या बेरिलला लंडनला बोलावून जेवू घातलं, तेव्हापासून मी बिघडलेय.

बेरिल हकस्टेप. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शीअरनेस गावात हे नाव माहीत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. अर्ध्या गावाचं नाक तिने पुसलंय. बंदरावर क्रेन चालवणारे दांडगे बाप्ये दुकानात ती समोर आली की हात मागे घेतात, कारण चार वर्षांचे असताना न धुतलेल्या हातांनी टोस्ट खाताना तिने त्यांना पकडलेलं असतं. आवाज खणखणीत. समुद्राच्या भिंतीवर उभी राहून तिने एखाद्या पोराला हाक मारली की आणखी चार पोरं धावत यायची. गाणं मात्र भयंकर. पोरं कानांवर हात ठेवायची आणि ही मुद्दाम आणखी वरचा सूर लावायची.

बाप नौदलाच्या गोदीत सुतार होता. गोदी बंद झाली तेव्हा ही शाळेत जायला लागली होती. पुढे लग्न केलं लेन नावाच्या माणसाशी. तो बिंगोच्या हॉलमधल्या एका बाईबरोबर स्पेनला गेला आणि जाताना कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन गेला. बेरिलचा राग होता तो कॅरॅव्हॅनवरून. "लेन काय, आज ना उद्या जाणारच होता," म्हणायची, "पण कॅरॅव्हॅनचे पडदे मी शिवले होते."

कारखान्यात जाणाऱ्या बायांना मुलं ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये गालिच्याचे तुकडे अंथरून बालवाडी सुरू केली. मग समुद्राच्या भिंतीलगतची जुनी बेकरी घेतली. कर्ज काढून, भावाकडून रंग लावून घेऊन. मी त्या दारात पहिल्यांदा उभी राहिले ती माझ्या मुलीला घेऊन. नवरा बोटीवर, मी नवीन, गावात ओळख ना पाळख. मुलगी रडत होती. बेरिलने तिला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "आणि तू दिवसभर घरी काय करतेस? रडतेसच ना? मग इथे येऊन रड. निदान बटाटे तरी सोलशील." मी बटाटे सोलायला लागले, मग मुलंही सांभाळायला लागले, ते वीसेक वर्षं तिथेच राहिले. कुमुद हे नाव तिच्या तोंडी बसेना, तिने कुमू करून टाकलं.

बालवाडी तिने विकली त्याला कारण तिचे गुडघे आणि गळकं छप्पर. घेणारी बाई बरी होती, तिच्या स्वतःच्या दहा-बारा बालवाड्या होत्या. बेरिलला मॅनेजर म्हणून ठेवलं, छप्पर नीट केलं. पण तीही थकली आणि तिने सगळा संच लंडनच्या एका गुंतवणूक कंपनीला विकला. तिथून आमचे दिवस फिरले.

नवीन लोकांनी आधी स्वयंपाकीण काढली. जेवण बाहेरून प्लॅस्टिकच्या ताटल्यांतून यायला लागलं. बटाट्याच्या भाजीला बटाट्याचा वास नाही असलं जेवण. त्यांच्या बोलण्यात मुलं नसायचीच. त्यांच्याकडे 'जागा' असायच्या. किती जागा भरल्या, किती रिकाम्या. एकदा बेरिल फोनवर म्हणाली, "आमच्या एका जागेला आज गोवर आलाय." पलीकडच्याला कळलंसुद्धा नाही.

या सगळ्यांचा वरचा साहेब डंकन स्टेअर. उंच, गोरापान, पायात मोजे नाहीत, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची सवय. आला की पोरांच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसायचा आणि फोटो काढून घ्यायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. बेरिल म्हणायची, "तू ना कुमू, माणसाच्या मोज्यांवरून ठरवतेस." मोज्यांवरून नव्हे, मोजे नव्हतेच.

त्या फेब्रुवारीत बातमी पसरली की याच कंपनीने किनाऱ्यावरच्या दोन बालवाड्यांना कुलूप घातलंय. आमच्या फाटकात रोज सकाळी कुजबुज. सगळ्यांत घाबरलेली होती टॅन्झी रिग्डन. एकटी आई, पहाटे फळांच्या गोदामात पेट्या भरायच्या कामावर जायची. तिचा रॅल्फ तीन वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. आमच्याकडे आल्यावर, बेरिलच्या मांडीवर बसून, चार-पाच शब्द बोलायला लागला होता. पलीकडच्या मिन्स्टर गावातल्या शाळेच्या शिशुवर्गात त्याला जागा मिळत होती, तिथे बोलायला शिकवणारी बाईही यायची. टॅन्झीला प्रश्न पडला, हलवावं की न हलवावं. तिथली जागा सोडली तर परत मिळणार नव्हती. रांग लागलेली.

बेरिलने हे डंकनच्या तोंडावर विचारलं. मी तिथेच चहा ओतत होते.

"डंकन, खरं सांग. आमचं दुकान बंद करणार आहात का?"

"बेरिल, बेरिल," कोपराला हात. "तू आहेस तोवर शीअरनेसला कोण हात लावतंय? आणि असं कर, पालकांना हे तूच सांग. माझ्यापेक्षा तुझ्यावर त्यांचा जास्त विश्वास आहे."

"म्हणजे नाही ना?"

"अगं, तुला वेगळं काय सांगतोय मी?"

आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्याने 'नाही' असं म्हटलंच नव्हतं. पण बेरिल सरळ बाई. तिने दुसऱ्या दिवशी फाटकात उभं राहून एकेकीला सांगितलं, आम्ही कुठेही जात नाही. टॅन्झीने दोनदा विचारलं.

"बेरिल, मिन्स्टरची जागा सोडू मग?"

"सोड. आत्ता कुठे बोलायला लागलाय, त्याला हलवू नकोस. मी आहे ना इथे."

टॅन्झीने जागा सोडली. आणखीही काहींनी बेत रहित केले. गावात बेरिल बोलली की विषय संपायचा.

जूनमध्ये डंकनचा फोन आला. लंडनला पार्क लेनवरच्या मोठ्या हॉटेलात शिक्षणाच्या धंद्याची बक्षिसं असतात, बुधवारी दुपारी जेवणाच्या वेळी. कंपनीने टेबल घेतलंय. बेरिलने यायचंच, तीच तर कंपनीचं काळीज आहे, आणि सोबत कुणाला तरी आण. तिने मला आणलं. तिने हॉस्पिसच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून निळा झगा घेतला, मी तो कमरेत आवळून दिला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "एवढ्या खर्चाने बोलावतात म्हणजे आपलं चांगलं चाललंय, नाही का गं? बंद करायच्या शाखेतल्या बाईला कोण जेवायला बोलावतं?" मला हे पटलं. कुणालाही पटलं असतं.

बाहेर लख्ख ऊन आणि आत झुंबरं पेटलेली. शेकडो माणसं, दारू साडेबारालाच सुरू. मी आपली बघत होते की शिकवणारं कोण दिसतंय. एक नाही. बँकवाले, वकील, हिशेबनीस, शाळा विकत घेणारे आणि त्या विकून देणारे. टेबल जो विकत घेतो त्याचं नाव यादीत चढतं. परीक्षकसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर फुकट जेवत होते. आमच्या टेबलावर डंकन, त्याचे दोन गुंतवणूकवाले, आणि इमोजेन नावाची वकील बाई. इमोजेन गोड होती. बेरिलला म्हणाली, "तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय. तुमच्याशिवाय हे जमलंच नसतं."

"काय जमलंच नसतं?" बेरिलने विचारलं.

इमोजेनने डंकनकडे पाहिलं. डंकनने बेरिलच्या ग्लासात वाइन ओतली.

आधी बिटाच्या चकत्यांवर एक ओलं चीज आलं, मग कोकराचं मांस, आतून लाल. बेरिलने ते काट्याने बाजूला सारलं. "कुमू, मुलांचं बक्षीस कितवं?" तिने हळूच विचारलं. मी कार्ड वाचलं. सर्वोत्तम गुंतवणूकदार. सर्वोत्तम कर्जदाता. सर्वोत्तम कायदा सल्लागार. सर्वोत्तम विक्री. वर्षातला व्यवहार. मी उलटून पाहिलं, मागे दारूवाल्याची जाहिरात होती. मी म्हटलं, "शेवटी असेल."

इथली एक रीत आहे. जिंकणाऱ्याने भाषण करायचं नाही, कारण बक्षिसं ढीगभर आणि लोकांना लवकर प्यायचं असतं. टीव्हीवरचा एक विनोदी नट भाड्याने आणलेला असतो. तो परीक्षकांचं मत वाचतो, मग नाव सांगतो, मग गाण्याचा एक तुकडा वाजतो, टेबलावरचे सगळे पळत वर जातात, काचेच्या ठोकळ्याला हात लावून फोटो काढतात आणि खाली येतात. माइक कुणाला मिळत नाही. आणि बक्षिसासाठी केलेल्या अर्जाचेही दोन भाग असतात. एक परीक्षकांचं मत म्हणून व्यासपीठावर वाचायचा, दुसरा फक्त परीक्षकांनी गुपचूप वाचायचा. त्या दुसऱ्यात आपली खरी हुशारी मिरवायची. इमोजेनच्या ऑफिसातल्या कुणीतरी हे दोन भाग उलटे पाठवले होते, हे मागाहून कळलं. असली चूक या लोकांच्याच हातून होऊ शकते. बाकी कुणाकडे अशी दोन तोंडं नसतात.

वर्षातला व्यवहार आला तेव्हा नट बराच प्यायलेला होता. तो वाचायला लागला, किराणा मालाची यादी वाचावी तसा.

"परीक्षकांना विशेष भावलं ते असं. बालवाड्यांच्या एका कंपनीने किनाऱ्यावरच्या सहा शाखा येत्या ऑगस्टअखेर बंद करायचं ठरवून त्यांच्या इमारती घरबांधणीवाल्यांना विकल्या. सगळ्यांत चांगला भाव शीअरनेसच्या समुद्राकाठच्या बेकरीला आला." तो थांबला. "शीअरनेस. मी एकदा तिथे कार्यक्रम केला होता. परत आलो, हेच माझं बक्षीस."

हॉल खदखदून हसला. बेरिलने काटा खाली ठेवला.

"व्यवहार पुरा होईपर्यंत एकाही पालकाने मूल काढून नेलं नाही, त्यामुळे भाव टिकून राहिला. स्थानिक मॅनेजरवर गावाचा असलेला विश्वास फार कुशलतेने वापरण्यात आला. त्या मॅनेजरलाही काही कळू दिलं नाही, म्हणून तिचं आश्वासन मनापासूनचं वाटलं. आणि बक्षीस जातंय..."

टाळ्या. अहो, खरोखर टाळ्या. तीन-चारशे माणसांनी हे ऐकलं आणि एकाच्याही घशात घास अडकला नाही. मागच्या टेबलावरचा एक जण "वा, झकास" म्हणाला. मला वाटलं होतं डंकनला निदान लाज वाटेल. त्याचा चेहरा लाल झाला होता खरा, पण तो इमोजेनकडे वळून दात खात म्हणाला, "हा भाग वाचायचा नव्हता." तेवढंच. केलं त्याचं काही नाही, वाचलं त्याचं दुःख.

गाणं वाजायला लागलं. सगळे उठले. डंकनने हसू चेहऱ्यावर चढवलं, बेरिलच्या पाठीला हात लावला आणि तिला उठवलं. "चल, चल, सगळे बघतायत." ती भांबावलेली. भर लग्नात धक्का लागून माणूस पुढे सरकतं तशी ती त्या घोळक्यातून वर गेली. मी तिचा झगा धरायला गेले तोवर ती पायऱ्यांवर होती. फोटोवाला ओरडला, "निळ्या झग्यातल्या आजीबाई, हसा की." आणि ती हसली. जन्मभर पोरांना मांडीवर घेऊन ती कॅमेऱ्याकडे बघून हसत आलेली. हस म्हटलं की तिचा चेहरा हसतो. कुणीतरी तो काचेचा ठोकळा तिच्या हातात दिला.

खाली आल्यावर ती बसली नाही. डंकनसमोर उभी राहिली.

"ते मॅनेजर म्हणजे मी ना?"

"बेरिल, इथे नको."

"तू मला सांगितलंस, पालकांना तूच सांग."

"आणि तू उत्तम सांगितलंस. परीक्षक म्हणाले तुझ्यामुळेच पारडं आपल्याकडे झुकलं. तू हे कौतुक म्हणून घे ना." त्याचा हात पुन्हा तिच्या कोपराकडे आला. तिने कोपर मागे घेतलं. "तुझी सोय आम्ही बघू. फक्त महिनाअखेरपर्यंत गावात अवाक्षर काढायचं नाही. तसं विक्रीच्या करारात आहे."

"आणि टॅन्झीला काय सांगू?"

"कोण टॅन्झी?"

मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर थुंकले नाही. त्या दिवशी तोंडात थुंकी गोळा झाली होती, तेवढंच सांगते. बेरिलने मात्र आवाजही चढवला नाही. ज्या आवाजावर सगळं गाव उभं राहायचं तो कुठे गेला कोण जाणे. तिने छातीवरचं नावाचं कार्ड काढून लाल मांसाच्या ताटलीत ठेवलं आणि कोट मागायला गेली. वाढप्याने आणलेलं चॉकलेट कुणीतरी लगेच तिच्या जागेवरून ओढून घेतलं. इमोजेनने.

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. मी माझ्या परीने त्या माणसांचा उद्धार करत होते, मराठीत, कारण इंग्रजीत मला तेवढं येत नाही. सिटिंगबर्नला गाडी बदलली तेव्हा तिने तोंड उघडलं.

"कुमू, मी फोटोत हसले का गं?"

"हसलीस."

"चांगलं?"

मी तिचा हात धरला.

"उद्या सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "करार गेला चुलीत. माझ्या तोंडून ऐकलंय त्यांनी, माझ्याच तोंडून दुसरंही ऐकू देत."

पण तिच्या तोंडून ऐकायची वेळ आलीच नाही. बक्षीसवाल्यांनी संध्याकाळीच फोटो इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला होता. खाली चार ओळी: किनाऱ्यावरच्या सहा शाखांची विक्री, शीअरनेस धरून, वर्षातला व्यवहार. मॅनेजरला अंधारात ठेवल्याची ओळ तेवढी गाळली होती, तेवढी अक्कल त्यांना उशिरा का होईना आली होती. तो फोटो कुणीतरी गावच्या फेसबुकवर टाकला. मधोमध आमची बेरिल, हातात काचेचा ठोकळा, दात दाखवून हसणारी, आणि तिच्या पाठीवर डंकनचा हात.

सकाळी आम्ही फाटक उघडलं तर बाया आधीच उभ्या होत्या. बेरिल नेहमीसारखी दारात उभी राहिली आणि तिने सांगायला सुरुवात केली. बंद होणार आहे, ऑगस्टअखेर, मला काल दुपारी कळलं, मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं निघालं. कुणी तिला मध्ये अडवलं नाही. दोघीतिघींनी खांद्यावर हात ठेवला. एक आज्जी रडली.

टॅन्झी मागे उभी होती, गोदामाचं पिवळं जाकीट घातलेली, रॅल्फ कडेवर. तिची जागून काढलेली रात्र डोळ्यांत दिसत होती. सगळ्या सरकल्या तशी ती पुढे आली.

"मिन्स्टरला फोन केला मी," ती म्हणाली. "जागा गेली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी हा शाळेत जाईल, तोंड न उघडता."

"टॅन्झी, मला माहीत नव्हतं गं."

"असेल."

"खरंच तिला माहीत नव्हतं," मी मध्ये पडले. "त्यांनी स्टेजवरून वाचून दाखवलं. मी तिथेच होते. तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं."

"वाचून दाखवलं, आणि मग फोटो काढला?" टॅन्झी मला विचारत होती, बघत बेरिलकडे होती. "आधी कळलं आणि मग हसली?"

माझ्याकडे याला उत्तर होतं. फोटोवाला ओरडला, डंकनने ढकललं, जन्माची सवय. पण ते फाटकात उभं राहून बोलायला गेलं तर सारवासारव वाटणार, हे मलाच कळत होतं. बेरिल म्हणाली, "हो. त्याच क्रमाने."

टॅन्झीची बस यायची वेळ झाली होती. पोराला ठेवायला दुसरी जागा तिला नव्हती, हे आम्हा तिघींना माहीत होतं. रॅल्फने रोजच्यासारखे बेरिलकडे हात पुढे केले. टॅन्झीने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, बेरिलला ओलांडून माझ्यापाशी आली आणि त्याला माझ्या हातात दिलं.

"कुमुद, संध्याकाळी मी येईन तेव्हा दारात तूच उभी राहा," ती म्हणाली.

रॅल्फ माझ्या खांद्यावरून बेरिलकडे बघत राहिला. बेरिलने त्याला हात लावला नाही. ती दारातून बाजूला झाली आणि मला उभं राहायला जागा करून दिली.